फेलिमची खिडकी

मॅलकी मॅक्टर्नन घरं तापवणारे, रॉकेलवर चालणारे बॉयलर दुरुस्त करतो. आयर्लंडमधला आमचा सगळा लायट्रिम परगणा त्याला ओळखतो, कारण लायट्रिममध्ये थंडी सगळ्यांनाच वाजते. घरात आला की चहाला दोनदा 'नको' म्हणणार आणि तिसऱ्यांदा विचारलं की खुर्ची ओढून बसणार. हत्यारांची पेटी उघडायची ती त्यानंतर. त्याचा हा संथपणा माझ्या डोक्यात जातो. तरी नोव्हेंबरात शेजारच्या उनाकडे मीच त्याला बोलावलं.

उनाचा नवरा फेलिम फेब्रुवारीत वारला. पुन्हा गारठा सुरू झाला तेव्हा ते घर काही केल्या तापेना. मुलगा फर्गल डब्लिनहून आला, अंगातला कोट न काढताच जेवला आणि जाताना बजावून गेला, "आई, नाताळपर्यंत घर असंच गार राहिलं तर तुला कॅरिकच्या वृद्धाश्रमात हलवणार. मी नाव घालून आलोय." उना लग्न होऊन त्या घरात आली ती तिथलीच झाली. माझ्या स्वयंपाकघरात बसून ती पोटभर रडली.

"बॉयलर म्हातारा झालाय, मॅलकी," तो घरी आल्यावर उना म्हणाली. "त्याच्यातनं जरा जास्त ऊब काढून दे बाबा."

"म्हाताऱ्यांना नावं ठेवू नकोस. आपण काय कोवळे आहोत?"

चहा झाल्यावर त्याने बॉयलरची काजळी खरवडली, बर्नरला रॉकेल फवारणारा एक माप मोठा नोझल बसवला, पंपाचा दाब वाढवला आणि हवेची झडप जुळवली. मग धुराड्यात यंत्राची नळी घालून धूर तपासला. मी म्हटलं, आणखी वाढव की! तर म्हणे, "त्याला झेपेल तेवढंच. त्यापुढे नुसतं रॉकेल जळतं आणि ऊब धुराड्यातून जाते."

बर्नर जोरात घुमू लागला. आम्ही तिघं वाट पाहत बसलो. पाय गार ते गारच. मॅलकीचा चेहरा पडला. "वरचे रेडिएटर बघून येतो," म्हणून तो उठला.

"वर काही नाहीये," उना घाईने म्हणाली. "वरचं राहू दे."

नको म्हटल्यावर मॅलकी जाणारच. मी मागोमाग गेले. फेलिमच्या खोलीतला गरम पाण्याचा रेडिएटर इतका तापला होता की हात लावू देत नव्हता, आणि त्याच्या वरची खिडकी सताड उघडी होती. पडदा पावसाने भिजला होता.

आमच्याकडे माणूस गेलं की जीवाला वाट मिळावी म्हणून खिडकी उघडतात, आणि तो मागे फिरू नये म्हणून थोड्या वेळाने लावून घेतात. फेलिम गेला तेव्हा ती मीच उघडली होती. लावायचं काम उनाचं होतं.

"अगं, म्हणजे मी सगळं लायट्रिम तापवतोय!" मॅलकी ओरडला. दारात उना उभी होती.

"तो परत आला तर?" ती म्हणाली. "आत कुठून येईल?"

मॅलकी फडक्याला हात पुसत राहिला, बराच वेळ. त्या दिवशी मला त्याच्या संथपणाचा राग आला नाही.

"उना, फेलिम माझ्या वर्गात होता," तो शेवटी म्हणाला. "जन्मात कधी खिडकीतून घरात आला का तो? पुढच्या दारानंसुद्धा नाही. चिखलाचे बूट घेऊन मागच्या दारानं यायचा आणि तुझ्या शिव्या खायचा."

उना हसली, आणि हसता हसता तिला रडू कोसळलं. मग तिने स्वतःच्या हाताने खिडकी लावली.

नाताळला मीही उनाकडेच होते. फर्गलने आल्या आल्या कोट काढला, जेवताना स्वेटर काढला, आणि शेवटी "आई, जरा कमी कर गं" म्हणाला. वृद्धाश्रमाचा विषय निघाला नाही. निजायच्या आधी मात्र त्याचं लक्ष मागच्या दाराकडे गेलं आणि त्याने खुंटीवरची किल्ली काढली.

"आई, या दाराला कुलूप न लावताच झोपतेस?"

"हात लावू नकोस त्याला," उना म्हणाली. "ते दार कुलूपबंद केलंस, तर मी वरची खिडकी उघडीन."

फर्गलने माझ्याकडे पाहिलं. 'राहू दे' अशी मी मान हलवली. त्याने किल्ली परत खुंटीला लावली.