साडूची दुनळी

अख्ख्या अमिरातीत शिशाचा स्वभाव ओळखणारा माणूस एकच होता, आणि तो माझा साडू. माझं रोल्लाच्या बाजारात मसाल्यांचं दुकान. वेलची-दालचिनीपलीकडे मला काही कळत नाही. पण साडूचं काम बघताना मी तोंडाचा आ करून उभा राहिलोय, हे शपथेवर सांगतो.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका ओतकामाच्या कारखान्यात तो सुपरवायझर होता. तिथला म्हातारा अरबाब, म्हणजे मालक, एकदा आपल्या वडिलांची रायफल घेऊन आला. दुनळी, ठासणीची, दारू आणि गोळी नळीच्या तोंडातूनच ठासायची. परवाना होता, नेमबाजीचा क्लब होता, पण उजवी नळी एकीकडे मारायची आणि डावी भलतीकडे. त्यात अरबाबला काचबिंदू. जवळचं दिसणं वयाने गेलंच होतं, आता दूरचंही फार टिकणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं. साडूला तो इंजिनियर म्हणूनच हाक मारायचा. म्हणाला, "मोहंदिस, मेरे बाप का दोनों गोली एक जगह जाता था. आँख जाने से पहले मेरे को भी मारना है."

झालं! साडूच्या अंगात आलं. सुट्टीच्या दिवशीही हा आपला शिसं वितळवतोय. साचा थंड असला की गोळीला सुरकुत्या पडायच्या. तशी गोळी डोळ्यांसमोर धरून "हिची झोप झालेली नाही" म्हणायचा आणि परत कढईत टाकायचा. पास झालेल्या गोळ्या सोनाराच्या काट्यावर तोलायचा. वंगणाला मेण हवं, आणि मेणात घरचं तूप! मेहुणी कडाडली, "माझ्या पुरणपोळीला थेंबभर तूप नाही, आणि मेल्या गोळ्या न्हातायत तुपात!" लेक म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट अ होल इन पेपर!" साडूचा घास हातातच राहिला. "एक होल, बाळा," तो म्हणाला. "दोन नव्हे."

पण ते एक होल काही होईना. दारू चिमूटभर वाढवून पाहिली, कमी करून पाहिली. शिसं मऊ केलं, कडक केलं. उजवीची समजूत घालावी तर डावी रुसायची. हिवाळा सरत आला. अरबाब आता निशाण्याचा काळा गोल शोधायलाच वेळ घ्यायचा, आणि ते बघून साडूचं तोंड उतरायचं.

क्लबातला रिवाज ठरलेला. उजवी नळी झाडली की अरबाब रायफल खाली ठेवणार, पाहुण्यांना गहवा, म्हणजे वेलचीची अरबी कॉफी, ओतणार, खजूर फिरवणार. सगळ्यांचं "इन्शाल्ला" म्हणून झालं की मग डावी. एकदा मीही गेलो होतो. हातात गहव्याचा पेला घेऊन साडूने सहज नळीला बोट लावलं आणि तो ताडकन उठला.

"साडूभाऊ, नळ्या गार झाल्या! अहो, ही शिकारीची रायफल. उजवीच्या धगीतच डावी सुटायला हवी. सावज काय गहवा प्यायला थांबतं?"

सगळा हिवाळा आम्ही पाहुणचारात घालवला होता! पण यजमानाला 'गहवा नको' म्हणायचं कुणी? साडूने हात जोडले. "अरबाब, आज गहवा बाद में." म्हाताऱ्याने गहव्याची किटली बाजूला सरकवली. "यल्ला," तो म्हणाला. चला.

रायफल पुन्हा भरली. धाड! लगेच धाड!

कागद आणला. भुईमुगाच्या शेंगेसारखं एकच भोक! अरबाबने कागद जवळ धरला, लांब धरला, त्याला दिसेना. साडूने म्हाताऱ्याचं बोट धरलं आणि त्या भोकात ठेवलं. बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं, मधे कुठे कागद लागला नाही.

"वाहिद," म्हातारा म्हणाला. एक. आणि मग, "अब गहवा."

मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

साडू आता सांगलीला असतो. अरबाबला काहीच दिसत नाही. गहव्याची वेलची माझ्याच दुकानातून जाते, म्हणून त्याच्या मजलिसमध्ये, बैठकीच्या खोलीत, माझं येणंजाणं आहे. तिथे भिंतीवर तो कागद फ्रेम करून लावलाय. जाता-येता म्हातारा तिथे थांबतो आणि बोट फिरवतो.

साडूचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "साडूभाऊ, फ्रेमला कुणी काच नाही ना बसवली?"

"नाही हो," मी सांगतो. "उघडीच आहे."