जुन्या डोळ्याचं कॉम्बिनेशन

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, रंगाच्या दुकानात रंग कालवतात. इंग्रजी त्यांना बेताचंच येतं, पण एक शब्द त्यांनी असा पचवलाय की तो आता त्यांच्याच घरचा वाटतो: कॉम्बिनेशन. पँटवर शर्ट शोभला की कॉम्बिनेशन. चहाबरोबर केळं खाल्लं की वाईट कॉम्बिनेशन. डॉक्टरांनी दोन गोळ्या एकत्र दिल्या की गुण येणारच, कारण कॉम्बिनेशन. शेजारचं जोडपं भांडायला लागलं की आम्ही कान टवकारायचो आणि भाऊजी मान हलवून म्हणायचे, माणसं दोन्ही चांगली आहेत, पण कॉम्बिनेशन नाही. मला या शब्दाचा वैताग यायचा. आता भाजीत मीठ कमी पडलं तरी मीच तो वापरतो.

दुकानात रंग मिसळायचं यंत्र आहे. मालकाने हौसेने आणलं. भाऊजींनी त्यावर फडकं टाकलं आणि फडक्यावर आपला जेवणाचा डबा ठेवायला लागले. नमुन्याचं कार्डही ते बघत नाहीत. पांढऱ्यात थेंब थेंब रंग सोडायचा, काठीने ढवळायचं, झाकणावर बोट ओढायचं आणि डोळ्याला पटेपर्यंत हटायचं नाही. आमची अख्खी गल्ली अशी त्यांच्या डोळ्याला पटलेली आहे.

घोटाळा उघडकीला आला तो मोतीबिंदूमुळे. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली आणि भाऊजी गल्लीच्या तोंडाशी येऊन थबकलेच. मोतीबिंदूपायी कित्येक वर्षं त्यांना सगळं पिवळट दिसत होतं, आणि ते पिवळेपण मारायला ते प्रत्येक डब्यात निळा ओतत आले होते. गुलाबी म्हणून दिलेलं न्हाव्याचं दुकान जांभळं होतं. पांढरी म्हणून दिलेली शिंपीणबाईंची भिंत थंडीने गारठलेल्या ओठांसारखी दिसत होती. एवढ्या लोकांना आता तोंड कसं दाखवू, असं ते मला हळूच म्हणाले.

लोकांना मात्र त्याचं काहीच नव्हतं. न्हाव्याच्या भिंतीला पोपडे आले होते. भाऊजींनी नव्या डोळ्याने खराखुरा गुलाबी कालवून दिला, तर जांभळ्या भिंतीवर तो चिकटपट्टी मारल्यासारखा दिसायला लागला. न्हावी डबा घेऊन परत आला आणि अजिजीने म्हणाला, जरा जुन्या डोळ्याने करून द्या. भाऊजींनी उजव्या डोळ्यावर तळहात धरला, ढवळलं, आणि रंग तंतोतंत जुळला. तेव्हापासून गिऱ्हाईक पायरीवरूनच सांगायचं, जुना डोळा. मालकाने तशी पाटीही लावली.

तेवढ्यात डॉक्टरांनी डाव्या डोळ्याचा विषय काढला. मोतीबिंदू पिकत चाललाय, फार थांबलात तर डोळा हातचा जाईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. बातमी फुटली आणि गल्ली ताईच्या घरी येऊन बसली. पेन्शनरकाकांचा प्रश्न होता, उद्या कुणाच्या भिंतीला भेग पडली तर ठिगळ कुठल्या डोळ्याने लावायचं? शिंपीणबाईंना रडूच आलं, कारण त्यांनी पडदे त्या भिंतीवर बेतून शिवले होते. तोडगा न्हाव्याने काढला. उजव्याने तुम्ही बघा, डावा गल्लीसाठी ठेवा. देवाने माणसाला दोन डोळे दिलेत ते कशाला? सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या खोलीची भिंत त्याच रंगाची आहे, त्यामुळे माझीही डोलली.

भाऊजी हरभऱ्याच्या झाडावर चढले. जन्मात कुणी त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि आता लोक मोतीबिंदू मागत होते. मंडळी गेल्यावर ते छाती फुगवून म्हणाले की डावा तसाच राहू दे, एका डोळ्यावर काय भागत नाही? मला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

ताई ओट्यापाशी भांडी घासत होती. ओट्यामागची निळसर भिंत भाऊजींच्याच हातची. ती घासायची थांबली.

"मला हा रंग कधीच आवडला नाही," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून."

ती रागाने बोलतेय असं आधी त्यांना वाटलं. पण आवाज चढलेला नव्हता. मग इतकी वर्षं बोलली का नाहीस, असं त्यांनी विचारलं.

"रंगवून झाल्यावर तुम्ही पाट घेऊन भिंतीसमोर बसला होतात. जेवायलासुद्धा उठेनात. मग कसं बोलणार?"

भाऊजींनी भिंतीकडे पाहिलं, मग ताईकडे. त्यांनी विचारलं, तुला कुठला आवडतो? ताईला विचार करावा लागला. हे तिला आजवर कुणी विचारलेलंच नव्हतं.

"पांढरा," ती म्हणाली.

"त्यात काय घालू?"

"काही नाही. नुसता."

दुसऱ्या दिवशी भाऊजी स्वतः जाऊन ऑपरेशनची तारीख घेऊन आले. गल्ली रुसली. न्हाव्याने दाढी करताना बोलणं टाकलं.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर त्यांनी पांढऱ्याचा डबा आणला आणि स्वयंपाकघर रंगवायला घेतलं. निळसर भिंतींना सरावलेल्या शिंपीणबाई डोकावून म्हणाल्या, किती पिवळं दिसतंय हो. भाऊजींनी लक्ष दिलं नाही. हातभर भिंत झाली की ते स्टुलावरून उतरायचे आणि ताईला विचारायचे, हा चालेल ना? आणि ताई, सगळा एकाच डब्यातला पांढरा असूनही, दर वेळी नीट बघून हो म्हणायची.