साळूने निवडलेली चूल

फोडणीचा ठसका लागला की तुम्ही काय करता? खिडकी उघडता, चिमणीचं बटण दाबता, फारच झालं तर गॅलरीत जाऊन उभे राहता. बरोबर ना? मग आता मला सांगा, जिच्या घराला खिडकी नाही, चिमणी नाही, आणि जिचं तान्हं पोर चुलीच्याच खोलीत झोळीत झोपलंय, तिने कुठल्या गॅलरीत जायचं?

नाही ना उत्तर? मग साळूची गोष्ट ऐका.

पनवेलहून नेऱ्याच्या पुढे गेलं, डांबरी सोडून डोंगराच्या अंगाला वळलं, की ठाकरांची एक वाडी लागते. साळू तिथली. पन्नाशीची असेल, नक्की तिलाही माहीत नाही. जन्मली ती वीटभट्टीवर. दिवाळी झाली की आई-बाप भट्टीवर जायचे, पाऊस आला की परत. लग्न झालं तरी तेच. तीन विटा मांडायच्या, त्यावर भात शिजवायचा, मुकादमाने "चला" म्हटलं की विटा तिथेच टाकून निघायचं. तिच्या हातच्या अशा किती चुली कुठल्या कुठल्या माळावर पडल्या असतील, देव जाणे. नवरा गेला, तेव्हा मात्र ती म्हणाली, बस झालं. मुलाला, कान्हाला, घेऊन वाडीत राहिली ती राहिलीच. गवत कापलं, लोकांच्या शेतात लावणी केली, रानातली करटोली आणून पनवेलच्या बाजारात वाटे लावून विकली. आणि वारुळाची माती आणून, तुसाबरोबर तुडवून, स्वतःच्या हाताने घरात एक चूल घातली. हलवायची नाही अशी पहिली चूल.

ती चूल मी पाहिलीय. कडा इतक्या गुळगुळीत की तळहात फिरवावासा वाटे. वर बांबूचा माळा, त्यावर काकडी-भोपळ्याचं बी भरलेले, वाळवून पोकळ केलेले दुधी टांगलेले. धुराने सगळं काळं, चकचकीत. त्या धुरामुळे बियाण्याला कीड लागत नाही. म्हणजे धूर तिचा शत्रू नव्हता. धूर तिचा राखणदार होता. हे शहरातून चुली वाटायला येणाऱ्यांना कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

कान्हाचं लग्न झालं रूपाशी. रूपा गव्हाणकडच्या वाडीतली, बोलायला कमी, कामाला वाघीण. गेल्या पावसाळ्यानंतर त्यांना मुलगी झाली, वेणू. सुरुवातीपासून छाती नाजूक. थंडी पडली तशी पोरीची छाती वाजायला लागली, मांजर गुरगुरतं तशी. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कान लावून ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, "हिला धुरात ठेवू नका."

एवढं सोपं. धुरात ठेवू नका!

गॅस होता की घरात. टाकी आणि शेगडी एका कोपऱ्यात, त्यावर कपड्यांचं गाठोडं. वर गाडी येत नाही, टाकी खांद्यावर आणायची, आणि ती भरायची तर कान्हाची मजुरीवर हजेरी लागायला हवी. ते राहू द्या, त्यावर बोलायला लागले तर माझं डोकं फिरेल आणि साळू बाजूला राहील.

तर रूपाच्या भावाचा निरोप आला: रविवारी येतो, बहिणीला आणि भाचीला गव्हाणला घेऊन जातो, आमच्याकडे खोलीत गॅस आहे. तो काही चुकीचं बोलत नव्हता. पण अशी माहेरी गेलेली सून कधी परत येते, येते तरी का, हे वाडीला माहीत असतं. साळूलाही होतं. नातीचं नाव निघालं की ती हातातलं काम टाकून दुसरीकडे बघायची.

त्याच आठवड्यात आम्ही वाडीत चुलींचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. पत्र्याच्या, कमी धुराच्या चुली. काटक्या, गोवऱ्या, नारळाच्या शेंड्या, दाणे काढलेली कणसाची बुरखुंडं, काय हाताला लागेल ते जाळणाऱ्या. तीन प्रकारच्या आणल्या होत्या. खारघरची मिताली, आमच्या संस्थेत नवीन, छान कुर्ता घालून आलेली, तिने पहिल्या चुलीवर पाणी उकळून दाखवलं. बायकांनी मान डोलावली.

साळू म्हणाली, "पाणी कोण खातंय बाय?"

सगळ्या खिदळल्या. साळू उठली, घरी गेली आणि आपलं नाचणीचं पीठ, आपली खापरी, आपला मोठा टोप घेऊन आली. म्हणाली, "आता बघूया."

पहिली चूल उंच, बारीक, दिसायला देखणी. तिच्यावर टोप ठेवून साळूने आंबील घोटायला सुरुवात केली, रोज घोटते तशी, अंगातलं बळ लावून. चूल डुगडुगली. मितालीने धावत जाऊन धरली म्हणून बरं. "ही बामणाच्या घरची हाय," साळू म्हणाली, "हळूहळू जेवणाऱ्यांची."

दुसरीला पंखा. चार्जिंग करायचं, बटण दाबायचं, ज्वाळा निळी. माझी आवडती तीच होती, खरं सांगते, धूर डोळ्याला दिसतच नव्हता. साळूने बटण बंद केलं. भस्सकन धूर आला.

"लाइट गेली की आमची भाकर कच्ची," ती म्हणाली.

"अगं पण चार्जिंग टिकतं!" मी जरा चढ्या आवाजात.

"वाडीची लाइट तुमी बघितलीव ना बाय? मग?"

मी ती चूल बाजूला सरकवली.

तिसरी बुटकी, जड, आतून मातीचा लेप असलेली. आत वर बारीक भोकं, तिथून हवा येऊन धूरच जळून जातो. पेटताना थोडा धूर केला, मग स्वच्छ. साळूने घोटून बघितलं, हलली नाही. ओंजळभर काटक्यांत टोप खदखदला. शेवटी तिने खापरीवर भाकरी टाकली, उलटली, आणि चुलीच्या तोंडातून आर, म्हणजे निखारे, पुढे ओढून त्याला टेकवून उभी केली. आम्ही सगळ्या वाकून बघत होतो, जसं काही पोर जन्मतंय. भाकरी टम्म फुगली.

शेजारची सत्यवती ओरडली, "साळू, नवरा निवडताना एवढं बघितलं असतंस तर!"

"तवा कोण विचारतं गो? बापाने बघितला, मुकादमाने होय म्हटलं. चूल तरी मी निवडते."

वाडीने तिसरी चूल घेतली. साळूच्या शब्दावर घेतली. कान्हाही एक घरी घेऊन गेला आणि मी खुशीत पनवेलला परतले.

शनिवारी पुन्हा गेले, तर साळूच्या कौलांतून धूर. जाडजूड, निळा, नेहमीचा.

माझं डोकं सटकलं. पडवीत नवी चूल लख्ख पुसून ठेवलेली, त्यावर रूपाचा भात शिजत होता, नावाला धूर नाही. आणि आत साळू, जुन्या चुलीपुढे बसून फुंकणीने फुंकत, डोळे लाल, एकटीसाठी मूठभर भात रटरटत. झोळी त्याच खोलीत. पोरगी खोकत होती.

"साळूबाय, लाज वाटते का काही?" मी दारातूनच. "सगळ्या वाडीला चूल निवडून दिलीस, आणि स्वतःच्या नातीला धूर पाजतेस? उद्या तिचा मामा येतोय! जाऊ देणार आहेस तिला?"

साळूने फुंकणी खाली ठेवली. पदराने डोळे पुसले, धुराने की कशाने कोण जाणे.

"ओरडू नका बाय," ती म्हणाली. "माझी वाटणी झाली."

"कसली वाटणी?"

"लेकाने वेगळं काढलं मला. चांगलं केलं. बोलला पण नाय, भांडला पण नाय. पडवीत तिची चूल मांडली, आतली माझी ठेवली. आता सुनेच्या चुलीवर मी हात कसा टाकू? सुनेच्या ताटात कशी बसू? एका घरात दोन चुली झाल्या म्हणजे काय, ते मला कोणी शिकवायला नको."

मी तिथेच खाली बसले. खरंच होतं तिचं. आपल्याकडे भाऊ वेगळे निघतात तेव्हा आधी चूल वेगळी होते, शेत नंतर. भट्ट्याभट्ट्यांवर तीन विटा टाकून आलेल्या बाईला, आयुष्यात एकदा घातलेल्या चुलीपाशी एकटीला ठेवलं होतं. आणि ती निमूट बसली होती.

मी हाक मारली, "कान्हा! इकडे ये आधी!"

कान्हा आला, हातात कोयता, लाकडं फोडत होता. मी सांगितलं. तो आईकडे बघतच राहिला.

"आई, काय बोलतेस? तुला जुन्या चुलीची सवय, तिच्यावर तुझा जीव. म्हणून म्हटलं, ती हलवायची नाय, नवीन पडवीत ठेवू. मी... वाटणी कसली? वाटायला हाय काय आपल्याकडं?"

"मग मला विचारलंस का?"

"तुला विचारायचं काय? तूच तर निवडलीस!"

"वाडीसाठी निवडली. माझ्या घरात कुठं ठेवायची ते मला कोणी विचारलं?"

तेवढ्यात दारातून रूपाचा आवाज आला. ही पोरगी कधी चार माणसांत बोलली नव्हती.

"आत्या, मी रोज तुमच्या वाटणीचा भात टाकते. रोज उरतो. मला वाटलं, तुमाला माझ्या हातचं नको. भावाला म्हणून हो बोलले."

झोळीतली वेणू खोकली आणि मग रडायला लागली.

साळू उठली. आधी पोरीला उचललं, माझ्या मांडीवर दिलं. मग चुलीतली लाकडं ओढून बाहेर काढली, पण विझवली नाहीत. "रूपा," ती म्हणाली, "तुझा टोप उतरव."

सासू-सुनेने आतला विस्तव काढून, फडक्याने दोन कान धरून ती जड चूल आत आणली. कान्हा मदतीला गेला तर साळू खेकसली, "तू लांब हो, तुझी अक्कल बघितली!" जुन्या चुलीवर तिने पाण्याचा हात फिरवला, दोन दाणे तांदूळ वाहिले, कपाळ टेकवलं. मग त्याच चुलीतला आर चिमट्याने उचलून एकेक करून नव्या चुलीत टाकला. आगकाडी ओढू दिली नाही. "विस्तव तोच राहूदे," म्हणाली. काटक्या घातल्या, जाळ धरला. रूपाचा अर्धा शिजलेला भात आणि साळूचा मूठभर भात, दोन्ही एकाच टोपात गेले. मला ते बघवेना, म्हणून मी पोरीकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच जुनी चूल मोडून तिची माती तिने भिजवली, आणि नव्या चुलीच्या बुडाशी सगळीकडून लिंपली. अंगठ्याने कडा गुळगुळीत केल्या. कारखान्यातून आलेली चूल घरची दिसायला लागली.

त्याच दिवशी, रविवारी, दुपारी रूपाचा भाऊ आला. साळूने त्याला पडवीत बसू दिलं नाही, थेट चुलीपाशी नेलं. "बस इथं. श्वास घे. मग सांग काय ते." तो बसला. भाकरी झाल्या, सुकटीची चटणी झाली, तो जेवला, पोरगी त्याच खोलीत झोपलेली. निघताना रूपाला एवढंच म्हणाला, "बरं वाटलं नाय तर फोन कर." आणि एकटा गेला.

आता सगळं गोड झालं असं समजू नका. बियाण्याला धूर कोण देणार, म्हणून साळू मला अजून शिव्या घालते. बी आता राखेत घालून ठेवतात, तरी काकडीच्या बियांच्या एका दुधीला कीड लागलीच. "तुमच्या चुलीने खाल्लं," असं ती माझ्या तोंडावर म्हणते. मी ऐकून घेते. एरवी मी कोणाचं ऐकत नाही.

वेणूची छाती वाजायची कमी झालीय. रात्री ती साळूच्या कुशीत झोपते आणि साळू तिच्या पाठीवर कान ठेवून ऐकते, डॉक्टरीणबाई ऐकतात तशी. काही ऐकू आलं नाही की हसते.

पण चूल कितीही चांगली असली तरी ओलं लाकूड धूर करतंच. पावसाळ्यात रानात सुकी काटकी मिळत नाही, साळूचे गुडघे आता डोंगर चढत नाहीत, आणि रूपाने पोर पाठीला बांधून किती आणायचं? म्हणून ऐका, खारघरवाल्यांनो, खांदा कॉलनीवाल्यांनो. पावसाआधी तुमच्या सोसायटीत झाडं छाटतात, त्या फांद्या ट्रकमध्ये भरून कचऱ्यात जातात. त्या टाकू नका. हातभर तुकडे करून गच्चीवर, पार्किंगच्या कोपऱ्यात वाळत ठेवा. प्लायवूड नको, रंगवलेलं फर्निचर नको, ते जाळलं तर विष होतं. नुसती झाडाची लाकडं. वाळली की आम्हाला कळवा, टेम्पो आम्ही आणतो. तुम्ही फक्त फांद्या ठेवा. या वर्षी, या पावसाच्या आधी.