मुली दोन, गाय एक

दफ्तरखान्यात मोडी वाचणाऱ्या काकांचं बोट जुन्या शिरगणतीच्या कागदावर माझ्या पणजीच्या माहेरापाशी थांबलं. त्यांनी तीन पुरुषांची नावं वाचली आणि मग म्हणाले, "मुली दोन. गाय एक, तांबडी, डावं शिंग मोडकं."

त्या दोन मुलींतली एक माझी पणजी. गायीचं शिंग न्याहाळायला ज्याला सवड होती, त्याला ओट्यावरच्या पोरीला 'तुझं नाव काय गं' एवढं विचारायचं सुचलं नाही. माझं डोकंच तडकलं. काका समजुतीनं म्हणाले, "ताई, तेव्हा पद्धतच तशी होती." पद्धत म्हटलं की जणू कुणाचाच दोष उरत नाही.

मी नकलेसाठी अर्ज मागितला. काकांनी पेन उघडलं आणि मान वर न करता विचारलं, "यजमानांचं नाव सांगा."