लोको शेडचा गोलकीपर

फुटबॉल हा खेळ मला कधीच आवडला नाही. बावीस माणसांनी एका चेंडूमागं जिवाच्या आकांतानं धावायचं आणि तो मिळाला की लाथ मारून पुन्हा लांब घालवायचा, यात काय शहाणपण आहे? मी मालगाडीचा गार्ड. उभा जन्म दौंडच्या रेल्वे कॉलनीत गेला, मैदान घरापासून हाकेच्या अंतरावर, पण मी तिकडं फिरकलो नाही. आयुष्यात दोनदाच मॅच बघायला गेलो, दोन्ही वेळा शेजारच्या भिमाजी सोनवणेमुळं. त्यातली दुसरी तर झालीच नाही.

भिमाजी लोको शेडमध्ये, म्हणजे वाफेच्या इंजिनांच्या दुरुस्तीला, खलाशी होता. मूळचा वरवंडचा. शाळेत पोरं खेळायची तेव्हा याला रेषेच्या बाहेर उभं करायची. चेंडू बाभळीच्या काट्यांत गेला की, "भिम्या, आण रे!" त्यानं आणायचा, लांबूनच फेकायचा आणि पुन्हा बाहेर उभं राहायचं. गावकुसाबाहेरच्या पोरानं चेंडू आणायचा असतो, खेळायचा नसतो, हे तेव्हा सगळ्यांनाच माहीत होतं. भिमाजीनं हे मला हसत हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही.

शेडमध्ये इंजिनाच्या भट्टीतल्या विटा बदलायचं काम असे. खालून एकानं वीट फेकायची आणि वर भिमाजीनं झेलायची. फ्रँकसाहेब नावाचे अँग्लो-इंडियन ड्रायव्हर शेडच्या टीमचे कॅप्टन होते. याच्या हातून एकही वीट निसटत नाही, हे त्यांनी हेरलं आणि त्याच रविवारी त्याला गोलात उभं केलं. "तवा पयल्यांदा रेषेच्या आत आलो बगा, गार्डसाहेब," असं तो म्हणायचा. पुढं वय होईपर्यंत त्या दोन खांबांमधून त्याला कुणी हलवलं नाही. खेळणं सुटल्यावर कडेला बसायला लागला, पण शेडची मॅच चुकवली नाही.

मग वाफेची इंजिनं गेली आणि शेडला कुलूप लागलं. माणसं विखुरली. कुणी सोलापूरला, कुणी मनमाडला, कुणी भुसावळला. भिमाजी त्याच सुमारास रिटायर झाला. जानेवारीतल्या टूर्नामेंटच्या दिवशी सकाळीच माझ्या दारात उभा.

"चला, गार्डसाहेब. आज वरडायला मानूस न्हाई."

ओरडायला म्हणून मी गेलो. मैदानावर गार वारा सुटला होता आणि धूळ डोळ्यांत जात होती. समोर शिरूरकडच्या कारखान्याची पोरं, टेम्पो भरून आलेली, एकसारखे बूट घातलेली. आमच्या बाजूला मोजून सहा जण. नियम असा की सात माणसं तरी उभी राहिली पाहिजेत. नाहीतर माईकवर 'टीम गैरहजर' असं पुकारायचं आणि समोरच्यांना जिंकलेलं धरायचं.

"आपन आलोच न्हाई, असं सांगत्याल माईकवर," भिमाजी म्हणाला. "आन् आपन तर हितं बसलोय."

त्यानं टोपी माझ्या मांडीवर ठेवली, चपला काढल्या, पँट दुमडली आणि अनवाणीच गोलात जाऊन उभा राहिला. केस पिकलेला माणूस. मी म्हटलं, घ्या, हात दाखवून अवलक्षण!

आणि तसंच झालं. पोरांनी चेंडूवर चेंडू आत घातले. मी मोजायचंच सोडून दिलं. मधेच एक फटका त्याच्या हातावर असा बसला, की आवाज मला कडेला ऐकू आला. त्यानं हात काखेत दाबला आणि खाली वाकला. "अहो, बाहेर या!" मी ओरडलो. त्यानं नुसती मान हलवली. तो बाहेर आला असता तर सहाच उरले असते आणि मॅच तिथंच संपली असती. शेवटची शिट्टी होईपर्यंत तो एका हातानं चेंडू अडवत राहिला.

घरी त्याला चहाचा कप धरता येईना. दोन बोटं वांग्यासारखी सुजली होती. कस्तुराबाई, त्याची बायको, माझ्यावरच उखडली, "भावजी, तुमी तरी शानं व्हायचं हुतं!"

"हरलो गं," भिमाजी म्हणाला, "पर हजर हुतो."

ती बोटं वाकडीच राहिली.

पुढच्या वर्षी त्यानं टीमचं नाव स्वतःच जाऊन दिलं. बूथवरून विखुरलेल्या सगळ्यांना फोन लावले. सगळे म्हणाले, "येतो की, मामा." 'येतो' म्हणायला काय जातं? मॅचच्या सकाळी तो स्टेशनावर जाऊन प्रत्येक गाडीपाशी उभा राहिला आणि मैदानाच्या कडेला मी बसलो होतो तिथं एकटाच आला. मी म्हटलं, "चला घरी." तो माझ्या शेजारी बसून राहिला.

माईकवर पुकारलं, "लोको शेड, दौंड. टीमनं मैदानात यावं." कुणीच उठलं नाही. पुन्हा पुकारलं. तिसऱ्यांदा नाव आलं तसा भिमाजी उठला, टोपी माझ्या मांडीवर ठेवली, चपला काढल्या आणि चालत जाऊन गोलात उभा राहिला. समोर अख्खं मैदान रिकामं. कडेला उभी असलेली कारखान्याची पोरं हसली. रेफ्री त्याच्याजवळ गेला.

"मामा, बाहेर या. मॅच नाही होणार."

"हाक मारली नव्हं आमाला?" भिमाजी म्हणाला.

 रेफ्रीनं माईकच्या मांडवाकडं हात केला आणि शिट्टी वाजवली. माईकवरचा पोरगा मैदानाकडं पाठ करून बसला होता. "लोको शेड, दौंड. टीम गैरहजर."

माझं डोकं फिरलं. जन्मात कधी ओरडलो नाही इतक्या जोरानं मी ओरडलो, "डोळे फुटले काय रे? हजर आहे! हा काय उभाय!"

कर्ण्याच्या आवाजात माझं कोण ऐकतो? भिमाजीनं मात्र ऐकलं. शाळेत हजेरीला करतात तसा त्यानं तो वाकड्या बोटांचा हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. माईकवर पुढच्या मॅचची नावं सुरू झाली होती.