वर्षाचा ताणकाटा

आग समोरच्या बांधावरून आली तेव्हा वर्षा वाकून पाचट तोलत होती. ऊस तुटून गेलेला, वावरभर गुडघ्याएवढं वाळलेलं पाचट. मी हातातलं मोजणीच्या दोरीचं टोक टाकून ओरडले, "पळ गं." ती म्हणाली, "आजी, एवढं वजन होऊ द्या." मी तिचा दंड धरून तिला पाटाच्या चारीत ढकललं आणि मागोमाग पडले. चारीत चिखल होता म्हणून बरं. तोंड पदरात घालून पालथ्या पडलो आणि आग वरून गेली. उठलो तेव्हा माझा पदर जळाला होता. तिच्या मुठीत वजन करायचा ताणकाटा तसाच होता. लोखंड तापून तळहाताला चिकटलं, तरी तिने तो सोडला नव्हता.

ही बाई केडगावची. चाळिशीची, काटकुळी, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. आमच्या कोपरगावच्या बाजूला एका साखर कारखान्याला मळीपासून अल्कोहोल काढायचा नवा प्रकल्प टाकायचा होता. तो झाला तर हवेत हरितगृह वायू किती जातील, हे काढायचं काम पुण्याच्या एका कंपनीकडे होतं. कंपनीने हिला पाठवलं. माझी पुढची खोली तिने भाड्याने घेतली.

मी चौथी शिकलेली. मी विचारलं, "वायू काय दिसतोय व्हय मोजायला?"

"आजी, दुपारी पॉलीहाऊसमध्ये गेलात का कधी? ऊन आत येतं, उकाडा बाहेर जात नाही. हे वायू सगळ्या पृथ्वीचं तसंच करतात."

एवढं मला पुरलं.

दिसेल ते तोलायची तिला खोड होती. माझ्या चुलीचं सरपण तोलायची, बाजारातून आणलेली मेथीची जुडीसुद्धा. कुणी वाद घातला की तिचं ठरलेलं, "आधी मोजू, मग भांडू." भाजीत मीठ जास्त झालं म्हटलं तरी हेच.

गावाला प्रकल्प नको होता. त्याच्या सांडपाण्याचं तळं आमच्या विहिरींच्या वरच्या अंगाला येणार होतं. वायूंचा आकडा मोठा निघाला तर प्रकल्प अडेल, म्हणून लोक तिला बोलावून चहा पाजायचे. तिचं म्हणणं, नुसतं धुराडं मोजून भागत नाही. प्रकल्पाला जादा ऊस लागणार, उसाबरोबर पाचट वाढणार, ते पेटवल्यावर निघणारे वायूही प्रकल्पाच्याच नावावर धरायचे. कंपनीचा साहेब म्हणायचा, हिशेब कारखान्याच्या भिंतीपाशी संपतो.

मग ती घरोघर विचारत फिरली, पाचट जाळता का. जाळायला बंदी आहे. दंडाच्या भीतीने सगळ्यांनी सांगितलं, आम्ही कुजवतो. माझा धाकटा दीर बबन सगळ्यांत पुढे. "मॅडम, आमी काडीसुद्धा लावत न्हाई." मी एकटीने सांगितलं, जाळतो. म्हणून ती माझ्या तुकड्यात दोरीचे चौकोन टाकून पाचट तोलत होती. त्याच दिवशी बबनने गुपचूप शेजारच्या स्वतःच्या तुकड्याला काडी लावली. मध्ये उभ्या उसाचा पट्टा, आम्ही त्याला दिसलो नाही. वारा फिरला.

तो धावत आला. "वैनी, मला काय म्हाईत तुमी आत हाय."

वर्षाचा हात बादलीत होता. ती म्हणाली, "बबनराव, पेटवलं किती वाजता?"

त्याला वाटलं आता तक्रार होणार. ती म्हणाली, "तक्रार करत नाही. पण तुम्ही जाळत नाही म्हटलं की कारखान्याचा आकडा लहान होतो. मग तळं येतं तुमच्याच विहिरीवर."

"आन् खरं बोलल्यावर दंड कोन भरंल? तुमी?"

"मी नाही भरणार. काडी तुमची."

हात बरा व्हायच्या आत तिने दुसऱ्या वावरात पुन्हा दोरी टाकली. काटा डाव्या हाताने धरायची. कंपनीने अहवालातून शेतांचा भाग काढला आणि सही मागितली. तिने केली नाही. कामावरून काढलं. तरी प्रकल्पाच्या जनसुनावणीला आली आणि माझ्याशेजारी बसली.

साहेबाने वाचून दाखवलं, या भागात पाचट जाळलं जात नाही, शेतकऱ्यांनीच तसं सांगितलंय. वर्षा उठली. "जाळतात. मी मोजलंय." साहेब हसून म्हणाला, "या मॅडम आता आमच्याकडे नाहीत." सुनावणीच्या अधिकाऱ्याने मांडवाकडे बघून विचारलं, "कुणी जाळतं का?" सगळा गाव खाली बघत बसला. वर्षाने कुणाकडे पाहिलं नाही. ती नुसती उभी राहिली.

मी उठले. "जाळतो. मी त्या आगीत हुते."

साहेब म्हणाला, "आजी, वयोमानाने होतं असं." मागून बबन उठला. "खाली बसा वैनी. काडी म्या लावली हुती." मग एकेक करून बाकीचे उठले.

शेतं धरून हिशेब पुन्हा मांडायचा हुकूम झाला. तो अजून चालू आहे, तळं अजून खोदलेलं नाही. बबनने दंड भरला आणि मला वर्षभर टोमणे मारले. वर्षा केडगावला असते, दुसरीकडे हेच काम करते. तळहातावर काट्याच्या आकडीचा डाग आहे.

सुनावणीच्या दिवशी अधिकाऱ्याने माझं म्हणणं लिहून घेतलं. आगीत कोण कोण होतं, विचारलं. मी सांगितलं तेच इथे लिहिते. वर्षा होती आणि मी होते. दोघी जिवंत आहोत.