आभार मानले की बाडबिस्तरा

लग्नानंतरच्या पहिल्या आठ-नऊ वर्षांत माझ्या नवऱ्यानं मला तीनदा थँक्स म्हटलं, आणि तिन्ही वेळा महिन्या-दोन महिन्यांत आम्ही घर सोडलं. पहिल्यांदा पुण्यात. ‘तू किती समजून घेतेस गं, थँक्स,’ असं चहा पिता पिता म्हणाला, आणि थोड्याच दिवसांत आम्ही बंगळूरला. दुसऱ्यांदा बंगळूरमध्ये, त्यानंतर आयर्लंड. तिसऱ्यांदा डब्लिनजवळ टॅलाला. तिथे मला नुकतीच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, माझ्या शिक्षणाला साजेशी नोकरी लागली होती. त्या दिवशी त्यानं भांडीसुद्धा घासली होती, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. गॉलवेतल्या एका अमेरिकन कंपनीत त्याला मोठी जागा मिळत होती. २०१४ मध्ये आम्ही निघालो. मागच्या सीटवर पाच वर्षांची लेक टॅलाच्या मैत्रिणीसाठी पार अर्ध्या वाटेवरच्या ॲथलोनपर्यंत रडत होती, आणि पुढच्या सीटवर मी गॉलवे येईपर्यंत एक अक्षर बोलले नाही.

गॉलवेत मला पुन्हा लॅबमध्ये काम मिळायला वर्ष गेलं. लेकीला शाळेत मैत्रीण मिळाली, तीही शेजारच्याच घरातली. आता कुठे बस्तान बसत होतं. आणि २०१५ च्या नोव्हेंबरात नवरा अमेरिकेतल्या मुख्य ऑफिसला जाऊन आला आणि बूट काढता काढता म्हणाला, ‘यंदापासून आपण थँक्सगिव्हिंग करू या.’

तिथल्या साहेबानं त्याला सांगितलं होतं म्हणे, की त्यांच्याकडे नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी सगळं घर टेबलाभोवती बसतं आणि प्रत्येक जण कुणाचे तरी आभार मानतो. ते त्यांचं ठीक आहे. आयर्लंडमध्ये त्या गुरुवारी काही म्हणजे काही नसतं. शाळा चालू, ऑफिसं चालू, साडेचारला अंधार. नागपूरच्या बाईनं गॉलवेत बसून अमेरिकेचा सण का करायचा, असं मी विचारलं. ‘पोरीला आठवणी राहतील,’ तो म्हणाला. हे ऐकून तर मनात पाल चुकचुकलीच. जिथे राहायचं असतं तिथल्या आठवणी कोणी ठरवून गोळा करतं का?

टर्की मिळाली नाही. ती ख्रिसमसला, महिनाभर थांबा, असं खाटीक म्हणाला आणि त्यानं कोंबडी दिली. मी तिचा सावजी रस्सा केला. भोपळ्याचं काहीतरी लागतंच, असा साहेबाला भेटून आलेल्या नवऱ्याचा आग्रह होता, म्हणून हॅलोवीनचा उरलेला भोपळा किसून, गुळात शिजवून, कणकेत मळून घारगे तळले. आमच्या घरी घारगे प्रवासाला निघतानाच व्हायचे, कारण ते चार दिवस टिकतात. आई प्रत्येक वेळी गाडीत बसवताना डबा द्यायची. लेकीला मी हे कौतुकानं सांगितलं. तिनं ते नीट ऐकून घेतलं.

मग नवरा पाण्याचा स्टीलचा पेला हातात घेऊन उभा राहिला. हा माणूस कॉलेजात प्रत्येक कार्यक्रमाचं आभारप्रदर्शन करायचा, त्यामुळे ‘सर्वप्रथम’पासून सुरुवात. आता आपल्याकडे आभारप्रदर्शन सुरू झालं की लोक चपला शोधायला लागतात. कार्यक्रम संपला, उठा. आणि घरच्यांचे कोण आभार मानतं? पोळी वाढली म्हणून मी आईला थँक्यू म्हटलं असतं तर तिनं कपाळाला हात लावून ताप पाहिला असता. नवऱ्यानं लेकीचे आभार मानले, तिनं टेबलासाठी चित्रं काढली म्हणून. मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘आणि तुझे. सगळ्यासाठी.’

‘सगळ्यासाठी म्हणजे कशासाठी?’

‘सगळ्यासाठी म्हणजे सगळ्यासाठी,’ असं म्हणून तो खाली बसला आणि रश्श्यात पाव बुडवायला लागला. कुठेतरी पाणी मुरत होतं.

दुसऱ्या दिवशी भांडी आवरताना मी नागपूरला आईला फोन लावला. स्पीकरवर ठेवला, कारण हात ओले होते. ‘जावई काहून आभार मानून राहिले?’ आईला तोच प्रश्न पडला. मी म्हटलं, ‘अगं, याचं ठरलेलं आहे. यानं आभार मानले की समजायचं, बांधा बाडबिस्तरा.’ आई हसली. मीही हसले, पण मनातून घाबरले होते. लेक तिथेच टेबलावर रंगवत बसली होती. तिला मराठी समजतं असं आम्ही सगळ्यांना अभिमानानं सांगायचो, पण उत्तर कायम इंग्रजीत, तेही अस्सल गॉलवेच्या हेलात. त्यामुळे तिच्यासमोर मराठीत बोललं की ते खासगीच, असा माझा समज होता. बसमधल्या माणसांबद्दल बोलावं तशी मी तिच्यासमोर घरातलं सगळं बोलायचे.

पुढची दोन वर्षं हेच झालं. नोव्हेंबर लागला की मी नवऱ्याची बॅग तपासायचे. पासपोर्ट जागेवर आहेत ना, खिशात कुठली पावती, फोनवर बोलताना हा बाहेर का गेला. त्यानं हॉलचं माप घेतलं, मला वाटलं सामानाच्या कंटेनरसाठी. ते गालिच्यासाठी निघालं. गुरुवारी रस्सा, घारगे, पेला, ‘सर्वप्रथम’. शुक्रवारी आईला फोन आणि तेच वाक्य. गंमत म्हणजे कुठेही जायचं निघत नव्हतं, पण तेवढ्यानं माझा संशय कमी होत नव्हता. ताकास तूर लागू देत नाही हा, एवढंच मला वाटायचं. लेक त्या दिवशी दोन-तीन घारगे खिशात टाकायची. मला वाटायचं, शाळेत मैत्रिणीला नेत असेल.

२०१८ च्या त्या आठवड्यात, बुधवारी, शेजारीण फाटकाशी भेटली. लेकीच्या मैत्रिणीची आई. म्हणाली, ‘तुम्ही चाललात ना? आमची मुलगी फार हिरमुसली आहे.’ मी विचारलं, ‘कोणी सांगितलं?’ ती गडबडली, आपलंच काहीतरी चुकलं असेल म्हणाली, आणि ‘ग्रँड, ग्रँड’, म्हणजे इकडच्या बोलीत ‘ठीक आहे, ठीक आहे’, करत आत गेली.

माझं डोकं फिरलं. सगळ्या गल्लीला सांगून झालंय आणि बायकोला पत्ता नाही. घरात येऊन मी त्याची लॅपटॉपची बॅग पालथी केली, कोटाचे खिसे उलटे केले. काही नाही. मग हॉट प्रेस उघडला. इकडे कपाटाला प्रेस म्हणतात आणि गरम पाण्याच्या टाकीवरच्या कपाटाला हॉट प्रेस. तिथे टॉवेल उबेला ठेवतात. टॉवेलांच्या मागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता.

त्यात समुद्रावरचे तीन दगड होते, पोहण्याच्या वर्गाचा बिल्ला, लायब्ररीचं कार्ड, मैत्रिणीची केसातली क्लिप, आणि चांदीच्या कागदात गुंडाळलेले घारगे, दगडांइतकेच कडक. तळाशी एक यादी, लेकीच्या अक्षरात: घ्यायच्या वस्तू. सर्वांत शेवटी लिहिलं होतं, मैत्रिणीला बाय म्हणणे. त्यापुढे बरोबरच्या तीन खुणा होत्या, तीन वेगवेगळ्या पेनांनी केलेल्या.

म्हणजे यानं पोरीलाही फितवलं होतं. मला दुसरं काही सुचलंच नाही.

गुरुवारी संध्याकाळी तो पेला घेऊन उभा राहिला आणि मी तो डबा रश्श्याच्या पातेल्याशेजारी आणून ठेवला. ‘आधी हे सांग. आभार नंतर. कुठे चाललोय आपण?’

त्यानं पेला खाली ठेवला आणि हळूच म्हणाला, ‘तुला कोणी सांगितलं?’

तो खाली बसला. ‘त्या पहिल्या वर्षी विचारलं होतं त्यांनी, अमेरिकेला येता का म्हणून. मी नाही म्हटलं. तिथल्या तिथे.’

‘नाही म्हटलंस?’

‘टॅला सोडलं तेव्हा तू गाडीत एक शब्द बोलली नव्हतीस. परत तसं मला नको होतं.’

‘मग मला सांगितलं का नाहीस?’

‘नाही म्हटल्यावर सांगायचं काय? तू न बोलता सगळं सोडून आलीस, त्याचे आभार मानायचे होते. ते मानत होतो की दर वर्षी.’

मला त्याचा राग आला, आणि त्याच क्षणी तो इतका आवडला की राग धड करताही येईना. तीन वर्षं मी ज्या माणसाचे खिसे तपासले, तो तीन वर्षं माझ्यासमोर पेला घेऊन खरं तेच सांगत होता. पण डबा तर समोर होता. ‘मग पोरीला कोणी सांगितलं?’

आम्ही दोघांनी लेकीकडे पाहिलं. ती ताटाकडे बघत होती. कित्येक वर्षांत तिच्या तोंडून एक अख्खं मराठी वाक्य आम्ही ऐकलं नव्हतं. ते त्या दिवशी ऐकलं.

‘यानं आभार मानले की समजायचं,’ ती म्हणाली, ‘बांधा बाडबिस्तरा.’

‘ड’ तेवढा आयरिश होता. बाकी सगळं माझं. तो ठसका माझा, शेवटी सुस्कारा सोडायची सवयही माझी. माझ्या फोनवरचं ते वाक्य तिनं दर वर्षी ऐकलं, सामान बांधलं, आणि पुढचा नोव्हेंबर लागला की मैत्रिणीचा निरोप घेतला. मैत्रिणीनं यंदा ते आईला सांगितलं, आईनं मला, आणि मी ते पुरावा म्हणून नवऱ्यासमोर टाकलं. मला एवढी लाज कधीच वाटली नव्हती. मी तिला जवळ घेतलं आणि सांगितलं, ‘कुठेही जायचं नाही.’ तिनं इंग्रजीत विचारलं, ‘मग तू बाबाची बॅग का बघतेस?’

त्यानंतर मी बॅगेला हात लावला नाही. शेजारणीला सगळं सांगितलं, ती डोळे पुसेस्तोवर हसली. लेकीला डबा रिकामा कर असं मात्र म्हटलं नाही. तिचं तिला कळेल असं वाटलं.

२०१९ ला मी ठरवून टाकलं. रस्सा झाला, घारगे झाले, आणि नवरा उठायच्या आत पेला घेऊन मीच उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी घरच्यांचे आभार मानले. नवऱ्याचे मानले, त्यानं नाही म्हटल्याबद्दल. लेकीचे मानले, माझं सगळं ऐकल्याबद्दल.

दहा वर्षांची लेक माझ्या चेहऱ्याकडे बारकाईनं बघत होती. मी बसल्यावर ती पुढे वाकली आणि बाबाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं तिनं विचारलं, ‘या वेळी तुझ्या नोकरीसाठी जायचं का?’

‘नाही गं राणी. कुठेही नाही.’

‘ग्रँड,’ ती म्हणाली. मग तिनं दोन घारगे पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळले आणि खिशात ठेवले.